उकाड्यानं कीड मरते का? गोव्यातलं तापमान आणि पिकांवरच्या किडी

रानजाई
दर मार्चमध्ये बाजारात, बसमध्ये, सोसायटीच्या ओट्यावर एकच वाक्य ऐकू येतं: "यंदा ऊन कडक, कीड जळून जाईल." नोव्हेंबरात तीच माणसं म्हणतात, "थंडी पडली नाही, म्हणून कीड वाढली." दोन्ही एकदम खरं कसं असेल? जाणकारांनी काजू, आंबा, माड, वायंगण (पावसाळ्यानंतरची) भातशेती आणि घरातल्या साठवणीबद्दल लिहावं. आकडे आणि कृती दोन्ही द्या. "हवामान बदललंय हो" एवढ्यावर सोडू नका.

अंशमोजणी
पहिल्या वाक्याचा निकाल आधी लावू. बहुतेक पीककिडी मरायला त्यांच्या अंगाचं तापमान ४० ते ५० अंशांच्या पट्ट्यात जावं लागतं, आणि तिथे काही काळ राहावंही लागतं. किनाऱ्यालगतच्या गोव्यात मे महिन्याचं सरासरी कमाल ३३-३४ च्या आसपास असतं. म्हणजे ज्याला आपण असह्य उकाडा म्हणतो, तो बऱ्याच किडींना मानवणारा काळ. आपल्याला त्रास होतो तो दमटपणामुळे, घाम वाळत नाही म्हणून. अळीला घाम येत नाही.

शिवाय हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीतला असतो. कीड त्या पेटीत बसलेली नसते. ती असते पानाच्या मागे, मक्याच्या पोंग्यात, भाताच्या बुंध्याशी नाहीतर खोडाच्या आत. उन्हातली उघडी माती दुपारी ५० च्या पुढे जाते, आणि त्याच वेळी गच्च आंब्याखालची माती त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. तेव्हा "आज किती तापमान" यापेक्षा "कीड बसलीय तिथे किती" हा प्रश्न विचारावा.

आणखी एक. तापमान चढतं तशी किडीची वाढ हळूहळू वेग घेते, पण सोसायच्या टोकाजवळ ती एकदम कोसळते. प्रयोगशाळेत सलग ३५ अंशांवर ठेवलेली काही किडींची अंडी फुटत नाहीत, पण दिवसा ३५ आणि रात्री २५ मिळाले तर त्यातली बरीच निभावतात, कारण रात्री नुकसान भरून काढायला वेळ मिळतो. म्हणून नुसता कमालचा आकडा बघू नका, किमानचाही बघा.

भाटकार
अंशमोजणीबाब, फेब्रुवारी-मार्चमध्ये कमाल ३७-३८ पर्यंत जातं त्याचं काय? तेव्हा तरी काही मरत असेल ना?

अंशमोजणी
ते दिवस पूर्वेकडच्या वाऱ्याचे. घाटाकडून कोरडी गरम हवा येते, खारा वारा उशिरा सुटतो आणि दुपार चढते. त्यात उघड्यावर बसणारी, मऊ अंगाची कीड थोडी मार खाते: मावा, तुडतुड्यांची लहान पिल्लं, ताजी अंडी. पण नुकसान मित्रकीटकांचंही होतं, आणि काजूच्या नव्या मोहराचं व आंब्याच्या कैऱ्यांच्या गळीचं तर विचारूच नका. अशा दोन-तीन दिवसांच्या भरवशावर फवारणी टाळायची नसते आणि वाढवायचीही नसते.

वायंगणी
"थंडी नाही म्हणून कीड वाढली" याचा हिशेब करता येतो. प्रत्येक किडीचं एक किमान तापमान असतं, त्याखाली वाढ थांबते. त्याच्या वर दिवसाला जितके अंश मिळतात त्यांची बेरीज ठरावीक आकड्याला पोहोचली की एक पिढी पूर्ण. याला अंश-दिवस म्हणतात.

मक्यावरची लष्करी अळी घेऊ. ही २०१८ मध्ये कर्नाटकातून भारतात पहिल्यांदा नोंदली गेली आणि आता चाऱ्याच्या मक्यावर व स्वीटकॉर्नवर सगळीकडे दिसते. तिचं हे किमान तापमान, म्हणजे उंबरठा, सुमारे १२.६ अंश, आणि अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण ३९१ अंश-दिवस लागतात.

सूत्र: (कमाल + किमान) ÷ २, वजा १२.६.

जानेवारी, पणजीच्या आसपास: (३२ + २०) ÷ २ = २६. त्यातून १२.६ गेले, उरले १३.४. ३९१ ÷ १३.४ = साधारण २९ दिवस.
एप्रिल-मे: (३४ + २६) ÷ २ = ३०. उरले १७.४. म्हणजे साधारण २२-२३ दिवस.

आता घाटावरचं असं ठिकाण धरा जिथे जानेवारीत कमाल २८ आणि किमान ८ असतं. सरासरी १८, उरले ५.४, म्हणजे ७२ दिवस. (तिथे हे साधं सूत्र थोडं फसतं. रात्रीचे तास उंबरठ्याखाली गेले की ते शून्य धरायचे असतात, उणे नाही. म्हणून खरा काळ ७२ पेक्षा कमी येतो.) गोव्यात रात्र १२ च्या खाली जवळपास जातच नाही, त्यामुळे इथे साधं सूत्र चालतं.

तात्पर्य, आपल्याकडचा हिवाळा या अळीला थांबवत नाही, जेमतेम आठवडाभर उशीर करतो. थंडी नव्हती म्हणून कीड वाढली असं म्हणायला इथे थंडी कधी होती?

रानजाई
हा हिशेब शेतात वापरायचा कसा? पिढी २३ दिवसांची असो की २९, मला फवारणी कधी करायची ते कळायला हवं.

वायंगणी
टप्प्याटप्प्यानं मोजा. अंडं फुटायला सुमारे ३५ अंश-दिवस, अळीच्या वाढीला सुमारे २०५, कोषाला सुमारे १५०. कामगंध (मादीच्या वासाच्या) सापळ्यात पतंग सलग दिसू लागले की तो दिवस शून्य. जानेवारीत तिथून पुढे तिसऱ्या दिवशी अंडी फुटतात, एप्रिलमध्ये दुसऱ्याच. अळी पोंग्यात शिरून मोठी झाली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तिच्याच विष्ठेचा बोळा वर बसलेला असतो. म्हणून पतंग दिसल्यापासून जानेवारीत पहिल्या आठ-नऊ दिवसांत आणि एप्रिलमध्ये पहिल्या सहा-सात दिवसांत काम उरकायचं. पानावर खिडकीसारखे पांढरे पापुद्रे दिसतात ती वेळ. ओळीनं भोकं दिसू लागली म्हणजे उशीर झाला.

अंड्यांच्या टप्प्यावर ५ टक्के निंबोळी अर्क. अळ्या फुटल्यावर स्वीटकॉर्नला इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी, लिटरला ०.४ ग्रॅम, नोझल पोंग्यात धरून. चाऱ्याच्या मक्याला रासायनिक औषध नको, तो चार दिवसांत गोठ्यात जायचा असतो. तिथे पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू किंवा राख, आणि बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध.

निवगुर
एक पूरक मुद्दा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली बरीच औषधं गरम हवेत कमी चालतात, ऑर्गनोफॉस्फेटचं साधारण उलट. दुपारी एक वाजता पायरेथ्रॉइड मारून "औषधात दम नाही" म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी साडेचारनंतर मारून बघावं. तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात.

भाटकार
काजूवर या. ढेकण्या, म्हणजे रस शोषणारा ढेकूण, हिवाळ्यातच का येतो? इथे तर सगळे म्हणतात थंडी पडली की ढेकण्या.

कुळागरवाली
ढेकण्याची संख्या नोव्हेंबरपासून चढते, डिसेंबर ते फेब्रुवारी जास्त राहते आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात उतरते. रात्रीचं किमान उतरलं की ढेकण्या चढतो, असा संबंध नोंदींतही दिसतो. पण त्यातून "थंडीनं ढेकण्या येतो" असा अर्थ काढायची घाई करू नये. काजूची कोवळी पालवी आणि मोहर नेमके त्याच वेळी फुटतात, आणि ढेकण्याला रस फक्त कोवळ्या भागातला हवा असतो. मऊ खाणं आणि सौम्य हवा एकाच वेळी मिळतात, त्यातलं कोणतं किती जबाबदार हे नुसत्या तापमानाच्या तक्त्यावरून वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर पालवी आधी, तापमान नंतर. पुरावा झाडावरच दिसतो: पाणी दिलेल्या किंवा छाटलेल्या काजूला अवेळी पालवी आली की ढेकण्या अवेळी तिथे हजर.

शेतकऱ्याला याचा उपयोग असा. रात्री लवकर गार झाल्या तर सगळी झाडं जवळजवळ एकदम पालवतात, फवारणीचं वेळापत्रक जमतं. रात्री उबदार राहिल्या, अवकाळी ढग आले, की पालवी तुकड्यातुकड्यानं येते. मग "पालवी, मोहर, बी धरताना" ही तीन फवारण्यांची शिफारस अर्ध्या झाडांना लागू पडते आणि अर्ध्यांना नाही. तेव्हा कॅलेंडर बाजूला ठेवा, झाडागणिक बघा. कोवळ्या दांडीवर पाण्यात भिजल्यासारखा टोकदार डाग दिसतो, दोन दिवसांत तो काळा पडतो आणि शेंडा वाकतो. मोहरावर तेच झालं की अख्खा तुरा करपल्यासारखा दिसतो आणि लोक त्याला "धुक्यानं जळला" म्हणतात.

लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ५ ईसी, लिटरला ०.६ मिली. तिन्ही वेळा तेच औषध मारू नका. आणि पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या झाडावर असतील तर त्या झाडाला हात लावू नका, त्या ढेकण्याला स्वतःच आवरतात. बोंडं वेचताना चावतात हे मान्य.

पोफळ
माडावरचा गेंडा भुंगा राहिलाच. त्याचा आणि तापमानाचा संबंध शेणाच्या गायरीत आहे.

कुजणाऱ्या ढिगाचा गाभा नीट पेटला की ५५-६० अंशांवर जातो, तिथे भुंग्याची अंडी आणि हुमण्या (अळ्या) टिकत नाहीत. पण ढीग उलटून बघा. हुमण्या सापडतात त्या कडेच्या, बुडाच्या, गार थरात. म्हणजे ढीग तापला म्हणून सुटलो असं नाही, त्या फक्त सरकल्या. उपाय असा:

ढीग साधारण एक मीटर उंच रचा, त्याहून लहान असला तर उष्णता धरत नाही. ओलावा असा की मूठ दाबली तर एक-दोन थेंब यावेत, धार नको. पाच-सहा दिवसांनी फावड्यानं कडेचा माल आत आणि आतला बाहेर. असं किमान तीनदा. प्रत्येक वेळी दिसतील त्या हुमण्या वेचून कोंबड्यांना.

ढीग थंडावून ३० च्या आसपास आला की मगच हिरवी बुरशी, मेटारायझियम, मिसळायची. इथे बहुतेकांचं चुकतं. ही बुरशी २५ ते ३० मध्ये खुशाल वाढते, ३५ च्या पुढे अडते. तापलेल्या ढिगात टाकली की पाकिटाचे पैसे गेले. शिफारस घनमीटरला ५ × १०चा ११वा घात इतक्या बीजाणूंची आहे. पाकिटावर प्रति ग्रॅम किती बीजाणू ते लिहिलेलं असतं, भाग देऊन ग्रॅम काढा. उदाहरणार्थ ग्रॅममध्ये १० कोटी, म्हणजे १०चा ८वा घात असतील तर घनमीटरला पाच किलो होतात. पाकीट पातळ असेल तर माल किती लागतो ते यावरून कळेल. वेळ जून ते सप्टेंबर: ओलावा असतो, ऊन नसतं.

भाटकार
पाच किलो! दुकानदार एक पाकीट पुरे म्हणतो.

पोफळ
दुकानदाराला घात विचारा.

निवगुर
माडाच्या पानाखालच्या पांढऱ्या चक्राकार माशीबद्दल थोडक्यात. कोरड्या दिवसांत वाढते, पावसाच्या माऱ्यानं उतरते. फवारणी करू नका, एनकार्सिया नावाची इवली गांधीलमाशी तिच्या पिल्लांत अंडी घालते आणि औषधानं पहिली तीच मरते. काळी बुरशी फार झाली तर १ टक्का स्टार्चचं पाणी पानांवर मारा. वाळल्यावर पापुद्रा निघून पडतो.

रानजाई
आंब्याची फळमाशी? मे महिन्यात मानकुराद कापला की आत अळ्या.

कुळागरवाली
फळमाशीची अळी फळातून उडी मारून जमिनीत दोन ते पाच सेंटिमीटर खोल कोषात जाते. या दिवसांतल्या उबेत आठ-दहा दिवसांत माशी बाहेर. "झाडाखाली नांगरून कोष उन्हात तापवा" हा सल्ला पुस्तकात बरोबर आहे, पण अंशमोजणी यांनी म्हटलं तसं, गच्च झाडाखाली ऊनच पोहोचत नाही. तिथे माती हलवून कोष मुंग्यांना, कोंबड्यांना सापडतात एवढाच फायदा. तोही कमी नाही.

खरं काम पडलेल्या फळांवर. रोज वेचा, जाड काळ्या प्लास्टिक पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि पूर्ण उन्हात आठवडाभर ठेवा. आतल्या उष्णतेनं आणि हवेअभावी अळ्या मरतात. खड्ड्यात टाकून वर चार बोटं माती लोटली तर माशी सहज वर येते. पुरायचंच तर दीड-दोन फूट खोल.

मिथाइल युजेनॉलचे (नर माशांना ओढणाऱ्या वासाचे) सापळे हेक्टरी दहा, फळं पिकायच्या महिना-दीड महिना आधी, सावलीत. उन्हात टांगले तर औषध भराभर उडून जातं आणि ऐन हंगामात सापळा रिकामा. मे महिन्यात सापळ्यातली वासाची वडी हिवाळ्यापेक्षा लवकर बदला.

भाटकार
निर्यातीचा आंबा गरम पाण्यात बुडवतात म्हणे. घरी करता येईल?

कुळागरवाली
निर्यातीसाठी ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं, किंवा वाफेच्या उष्णतेत गर ४७.५ अंशांवर २० मिनिटं, अशा ठरलेल्या प्रक्रिया आहेत. टाकीत पाणी फिरतं राहतं आणि तापमान दशांशात धरलेलं असतं. घरच्या टोपात कडेला ५२ आणि मध्ये ४४ निघेल. म्हणजे एक आंबा भाजला आणि दुसऱ्यातली अळी जिवंत. पातळ सालीच्या मानकुरादवर हा प्रयोग नको.

वायंगणी
भाताचं राहिलं. तपकिरी तुडतुडे २५ ते ३० अंशांत, दमट सावलीत फोफावतात. सलग ३५ च्या आसपास त्यांच्या शरीरातले यीस्टसारखे सहजीवी घटतात आणि वाढ बिघडते. पण दाट लावलेल्या, युरिया भरपूर दिलेल्या शेतात चुडाच्या बुंध्याशी बाहेरच्यापेक्षा गार आणि ओलं असतं, त्यामुळे बाहेर उन्हाळा आणि आत त्यांचा पावसाळा. म्हणून दर दोन-तीन मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडा, वारा-ऊन आत जाऊ द्या. चुडात दहाच्या वर तुडतुडे दिसले तर तीन-चार दिवस पाणी काढा. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मात्र पाणी काढताना मानशीच्या दारातून खारं पाणी आत शिरणार नाही याची भरती बघून खात्री करा, नाहीतर तुडतुडे राहिले बाजूला. या पिकात पायरेथ्रॉइड नको, कोळी मरतात आणि तुडतुडे दुप्पट उठतात.

रानजाई
आता घरातलं. अळसांद्यांना (चवळीसारखं कडधान्य) भोकं आणि तांदळात टोके (सोंडे किडे). आई सगळं उन्हात घालते, दोन आठवड्यांनी परत तेच.

अंशमोजणी
कारण उघड्या ताडपत्रीवर ऊन लागलं की टोके चालत कडेला जाऊन सावलीत बसतात, आणि दाण्यातल्या अळीला जेमतेम ४०-४५ मिळतात. संध्याकाळी डबा भरला की आतली पिढी पुढे चालू. टोक्यांना २८-३० अंश आणि दमट दाणा सर्वांत मानवतो, पिढी महिन्याभरात. जून ते सप्टेंबरमध्ये आपलं स्वयंपाकघर नेमकं तेच पुरवतं. १५ च्या खाली ते वाढत नाहीत, पण गोव्यात ते फ्रिजमध्येच.

अळसांद्यातल्या भुंगेऱ्याला दाण्याचं तापमान ५७ अंशांवर एक तास लागतं. त्यासाठी झाकून तापवायचं:

खाली गोणपाट किंवा पेंढ्याचा थर, म्हणजे फरशी उष्णता ओढत नाही. त्यावर काळं प्लास्टिक. त्यावर अळसांदे, एकावर एक दोन-तीन दाण्यांपेक्षा जाड थर नको. वर पारदर्शक प्लास्टिक. चारही कडा एकात एक दुमडून वर दगड ओळीनं, फट नको. सकाळी साडेदहा-अकराला लावा, तीनला काढा. फेब्रुवारी-मार्चचं स्वच्छ ऊन उत्तम. मे महिन्यात आभाळ धुरकट असतं आणि खारा वारा लवकर सुटतो, त्यामुळे जास्त वेळ द्या. तापमान टोचणीच्या थर्मामीटरनं बघा, टोक दाण्यांच्या मधोमध. इन्फ्रारेड बंदूक वरून धरली तर ती प्लास्टिकचं तापमान सांगते, दाण्याचं नाही.

गार झाल्यावरच भरा. गरम भरलं तर डब्यात घाम धरतो. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे अंडी. ती तापवल्यावरही दिसतात, मेलेली असली तरी गळत नाहीत, घाबरू नका.

पोफळ
बियाण्याचे अळसांदे यातून वगळावे. ते आधी कडक वाळवून किलोला ५ मिली खोबरेल किंवा शेंगदाणा तेल चोळून हवाबंद ठेवा. भाताचं बियाणं ४३ अंशांच्या वर तापवू नये, रुजवा घटतो.

रानजाई
आणि तांदूळ? त्याला असं तापवलं तर तुकडे पडतात.

अंशमोजणी
तांदळाला थंडी द्या. दोन-दोन किलोच्या घट्ट पिशव्या, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ वर चार दिवस. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, किमान रात्रभर. आधी उघडली तर गार दाण्यावर पाणी धरतं आणि टोके गेले तरी बुरशी येते. साध्या फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात इतकं खाली जात नाही, तिथे दोन आठवडे ठेवा.

उकड्या तांदळात भात उकडतानाच आतलं सगळं मेलेलं असतं. त्यात टोके दिसले तर ते गिरणीतून, गोणीतून किंवा तुमच्याच डब्याच्या झाकणाच्या खाचेतून आलेले. झाकण काढून खाच ब्रशनं साफ करा, तिथला चिमूटभर जुना कोंडा त्यांना पुरतो.